स्विचपेक्षा आधी रिले आणि फ्यूज बघा

बोलेरो पिकअपला सहा बटणांचं पॅनल बसवताय, आणि १२० वॅटचा लाइट बार थेट बटणावरून चालवला तर चालेल का, असं विचारलंत. चालतो हो, पण थोडेच दिवस. १२ व्होल्टला १२० वॅट म्हणजे १० ॲम्पियर. माझ्या गाडीत एका वायरमनने असंच जोडून दिलं होतं. घाटात जळका वास आला म्हणून पॅनल ओढून पाहिलं, तर बटणामागची पिन सैल पडून तापलेली आणि भोवतालचं प्लास्टिक मेणासारखं वितळलेलं.

चार पिनांचा साधा रिले घ्या, म्हणजे बटणाच्या छोट्या करंटवर लाइटचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. पिनांचे नंबर त्याच्यावरच असतात. ३० नंबरला बॅटरीचा प्लस, ८७ वरून लाइट, ८६ ला बटण, ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेला बॅटरीचा मायनस. मग बटणातून पाव ॲम्पियरसुद्धा जात नाही. फ्यूज १५ ॲम्पियरचा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच. डॅशबोर्डखाली लावला तर बॅटरी ते फ्यूजमधल्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही, आणि पत्र्याला घासून शॉर्ट होते ती नेमकी तिथेच. पत्र्यातून वायर काढताना भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी रिंग, हवाच, नुसती टेप गुंडाळून भागत नाही.

बटणांचा सप्लाय किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या, नाहीतर कुणीतरी बटण चालू ठेवून जाईल आणि सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ येईल. अर्थची वायर रंगावर कसू नका, आधी पत्रा खरवडा.

आणि समोरून गाडी आली की तो बार बंद करा राव!