मालकी जंगल परत आणायचे असेल, तर आधी रोपे लावणे थांबवा

कातळवाट (मूळ मत):
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बरेचसे जंगल सरकारी नसून लोकांच्या सातबाऱ्यावर आहे, आणि काही वर्षांच्या अंतराने ते जळाऊ लाकडासाठी ठेकेदाराला विकले जाते. अशी तोड झालेली जमीन घेऊन तेथे मूळचे जंगल परत आणू पाहणारे मालक आता भेटू लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्यांपैकी अनेक जण पहिल्याच उन्हाळ्यात जेसीबीने खड्डे काढून रोपवाटिकेतली रोपे लावतात, आणि हे मला सर्वस्वी चुकीचे वाटते. उजाड दिसणाऱ्या त्या जमिनीत ऐन, किंजळ, जांभूळ यांचे खुंट जिवंत असतात. त्यांची मुळे जुनी आणि खोल गेलेली असल्यामुळे त्यांच्या फुटव्याला उन्हाळ्यात कोणी पाणी घालावे लागत नाही. खड्डे काढताना नेमके हेच खुंट उपटले जातात.

माझ्या मते पहिली काही वर्षे फक्त राखण करावी. हिवाळा संपण्यापूर्वी जाळरेषा (गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काढून वणवा अडवावा, प्रत्येक खुंटावरचे एकदोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटावेत आणि रानमोडी हे माजणारे तण बी धरण्यापूर्वी उपटावे. कर्नाटकातील कोडगूमध्ये 1991 साली पामेला आणि अनिल मल्होत्रा या दांपत्याने 55 एकर जमीन घेतली आणि पुढे ‘साई’ अभयारण्य म्हणून ती वाढवत नेली. तेथेही भर लागवडीपेक्षा जमिनीला तिच्या कलाने वाढू देण्यावरच होता.

बीजसंग्रह:
आपण दिलेल्या उदाहरणातच आपल्या मताची मर्यादा आहे, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. त्या जमिनीच्या आसपास मोठे जंगल शाबूत होते, त्यामुळे बी आणणारे पक्षी आणि प्राणी तेथे आपोआप पोहोचत होते. कोकणात वारंवार तोड झालेल्या टेकडीवर, कुऱ्हाड सोसून पुन्हा फुटणाऱ्या जातीच तेवढ्या उरतात. ऐन आणि किंजळ यांच्या फळांना पंख असतात, ती वाऱ्यावर पसरतात. रानजायफळाची पत्रीने वेढलेली जड बी मात्र धनेशासारख्या मोठ्या पक्ष्याशिवाय दूर जात नाही. धनेशाला खाण्यासाठी फळझाडे आणि घरट्यासाठी ढोली असलेले जुने, उंच झाड लागते, आणि ही दोन्ही नसतील तर तो त्या टेकडीवर उतरणार कशाला? फक्त राखण केली, तर पन्नास वर्षांनीही तेथे ऐन-किंजळीचेच रान असेल. ते हिरवे असेल, पण त्याला मूळचे जंगल म्हणता येणार नाही. म्हणून जवळच्या देवराईतून, तेथील गावकऱ्यांच्या संमतीने, बी आणून रोपे करावीत आणि ती सावलीच्या जागी मोजकीच लावावीत. शिवाय जेथे पूर्वी ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली आहे, तेथे मूळचे खुंटच उरलेले नसतात. अशा जागी आपण कशाची राखण करणार?

वरकस:
आपण दोघेही झाडांविषयी बोलत आहात आणि त्या झाडांवर चालणाऱ्या घरांना विसरत आहात. भाताच्या राबासाठी (रोपांची जागा भाजण्यासाठी) कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या, गुरांसाठी गवत आणि चुलीसाठी फाटा गाव याच रानातून आणत असते. नवा मालक येतो, तारेचे कुंपण घालतो आणि त्याला संवर्धन म्हणतो. त्या कुंपणाने भेकराची वाट अडते, आणि गावाची कुऱ्हाड शेजारच्या रानात दुप्पट चालते. वीस नावे असलेल्या सामाईक सातबाऱ्यावरचा माणूस हौसेने रान विकत नाही; घरात आजारपण किंवा लग्न निघाले की त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

संगमेश्वर तालुक्यात अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने खासगी रानांच्या मालकांना मोबदला देऊन तोड न करण्याचे करार केले, आणि बेहड्याची फळे ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्रासह (रानातला माल झाडाला धक्का न लावता गोळा केल्याची खूण) विकण्याची सोय उभी केली. बेहड्याच्या जुन्या झाडांवर धनेश घरटी करतो, त्यामुळे फळासाठी राखलेले झाड पक्ष्यासाठीही राखले जाते. उभ्या झाडापासून मिळकत सुरू झाल्याशिवाय राखण टिकणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

सडा:
एक मुद्दा येथे कोणीच मांडलेला नाही. अशा जमिनींचा वरचा भाग पुष्कळदा जांभ्याच्या कातळाचा सडा असतो, आणि त्याला पडीक समजून तेथे माती टाकून झाडे लावली जातात. पावसाळ्यात त्या कातळावर गेंद आणि सीतेची आसवे ही रानफुले फुलतात. तेथे झाड नसणे हीच मूळची स्थिती आहे, म्हणून सड्यावर काहीही लावू नये.

कातळवाट:
सड्याविषयी मी पूर्णपणे सहमत आहे. देवराईच्या बियांबाबतचे म्हणणे बाभळीखाली गेलेल्या जमिनीपुरते मला मान्य आहे. परंतु जेथे खुंट जिवंत आहेत, तेथे फुटव्याची सावली धरण्यापूर्वी रानजायफळ लावणे म्हणजे ते उन्हात मारणेच होय. त्यामुळे आधी राखण आणि मग लागवड, या क्रमावर मी ठाम आहे.

‘वरकस’ यांनी मांडलेला आक्षेप मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कुंपणाचा खर्च वाचवून तोच पैसा गावातल्या राखणदाराच्या पगाराला द्यावा, आणि पावसाळा सरल्यावर गवत कापून नेण्याचा गावाचा हक्क मालकाने लेखी मान्य करावा. गवत गेले की वणव्याला जळायला फारसे काही उरत नाही, आणि ज्याचे गवत त्या रानात आहे, तो ते रान पेटू देत नाही.

बीजसंग्रह:
गवताची सूचना मला पटली. क्रमाबाबत मात्र मी सहमत नाही: देवराईतली जुनी झाडे दरवर्षी कमी होत आहेत, त्यामुळे सावली तयार होईपर्यंत थांबलो, तर बी आणायला झाडच उरेल याची खात्री नाही. निदान रोपे तरी आजपासून तयार करावीत.