नाला खोल केला म्हणजे शेती सुधारली?

कोरडवाहू:
काल एका ग्रुपवर फोटो फिरत होता, नाल्यात दोन पोकलेन उभे आणि खाली लिहिलंय "पंधरा दिवसांत दुष्काळ संपवला". खाली अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितोय. अरे बाबांनो, माथा ते पायथा, म्हणजे आधी डोंगरावर काम आणि मग खाली नाल्यात, हे पाणलोटातलं शेंबडं पोर पण सांगेल आणि तुम्ही सुरुवातच पायथ्यापासून करताय. वर डोंगर बोडका, पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले समतल चर नाहीत, घळीत एक दगडी बांध नाही. पहिल्या वळवातच वरची सगळी माती त्या नाल्यात येणार आणि तीन वर्षांनी परत गाळ काढायचं टेंडर. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे लाखभर लिटर पाणी. ते वावरात मुरवायचं सोडून नाल्याला लावायचं आणि मग मोटार टाकून तेच पाणी परत वर आणायचं, ही कुठली अक्कल? ७२ च्या दुष्काळात आमच्या आजीनं सुकडी खाऊन बांधबंदिस्तीचं काम केलंय, तेव्हा पोकलेन नव्हता तरी ते बांध आमच्या पिढीपर्यंत टिकले.
आणि मातीचं तर कुणी नावच काढत नाही. रोटर मारून मारून पीठ केलंय तिचं. माझ्या वावराचा सेंद्रिय कर्ब ०.३ टक्के आलाय, अशा जमिनीत पाणी मुरणार कसं, वरच्या वर पपडी धरते.

विहीरवाला:
सिद्धांत झकास. आता माझं ऐका. आमच्या शिवारात नाला खोल केला, पुढं सिमेंट बंधारा घातला, तर जानेवारीत तळ दाखवणारी विहीर एप्रिलपर्यंत गेली. पोरीचं लग्न त्या वर्षीच्या कांद्यावर केलं. तुमचे चर होईपर्यंत थांबलो असतो तर अजून स्थळंच बघत बसलो असतो. धुळे जिल्ह्यात शिरपूरला जाऊन बघा एकदा, तिथं नाले खोल करून बंधारे घालणारे खानापूरकर साहेब स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ, कुणी पोकलेनवाले नाहीत.

मांजऱ्या_पाषाण:
शिरपूर तापीच्या खोऱ्यात आहे दादा. तिथं गाळाची जमीन आहे खोलवर, तिच्यात पाणी जातं. तीच गोष्ट आमच्या मराठवाड्यात काळ्या पाषाणात केली की नुसतं टाकं तयार होतं, ऊन खाणारं. आणि मांजऱ्याचा, म्हणजे पाणी धरणाऱ्या मऊ सच्छिद्र खडकाचा थर वाटेल तसा फोडला की आधी सावकाश झिरपणारं पाणी पण नाल्यात उतरून निघून जातं. तुमची विहीर एप्रिलपर्यंत गेली कारण ती नाल्याच्या काठाला आहे. वरच्या आळीतल्या विहिरीचं काय झालं ते पण लिहा की.
सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींच्या वर गेले, २०२० ला सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं काय लिहिलं? पाण्याची गरज भागवण्यावर आणि भूजल वाढण्यावर फारसा परिणाम नाही.

विहीरवाला:
वरच्या आळीत विहीर एकच आहे आणि तिच्यावर तीन मोटारी आहेत, त्याला मी काय करू? आणि कॅगनं १२० गावं बघितली. आमचं त्यात नव्हतं.

इंद्रायणी_भात:
पाणी पाणी करण्याआधी नांगर थांबवा. नेरळच्या भडसावळेंची भाताची एसआरटी (सगुणा राईस तंत्र) बघा, एकदा गादीवाफा केला की नांगरट नाही, चिखलणी नाही, भाताची मुळं जमिनीतच कुजतात. आमच्याकडं तिसऱ्या वर्षी गांडुळं दिसायला लागली, बांधावरून वाहणारं पाणी गढूळ व्हायचं बंद झालं.

कोरडवाहू:
पटतंय, पण त्यात तणनाशक मारावंच लागतं ना? गांडुळाचे फोटो टाकताना ते पंपाचे पण टाकत जा.

इंद्रायणी_भात:
मारतो. आणि चिखलणीच्या डिझेलचा, बैलांचा हिशोब तुम्ही टाकत जा.

माळावरची_काकू:
तुम्ही सगळे चर आणि खडक करत बसलात, माझं दुखणं वेगळंच. पाणलोटाच्या कामात आमच्या वावरात कंपार्टमेंट बंडिंग झालं, म्हणजे वावराचे कप्पे पाडून बांध घातले. छान झालं, दोन पावसाळे तुरीला पाणी दिलं नाही. मग शेजारच्यानं दरवर्षी नांगराचं एक-एक तास आत घेत ट्रॅक्टरनं बांध कोरला. सासऱ्यांच्या वेळी त्या बांधावरून बैलगाडी जायची, आता मी विळा घेऊन चालते तर एक पाय त्याच्या वावरात पडतो. परवाच्या पावसात तिथूनच फुटला आणि सगळी काळी माती त्याच्या शेतात. वर मलाच म्हणतो, काकू तुमचं पाणी माझ्याकडं आलं, भरपाई द्या!

गाव_सोडलेला:
काकू सेम टू सेम. आमचे तर सख्खे चुलते.

वावर_दीड_एकर:
आता माझी पण शिव्या खायची तयारी आहे. दीड एकरात तीन बांध आले. प्रत्येक बांध पाच फूट रुंद, त्यावर शेजाऱ्याचं कडुनिंब, सावलीत दहा ओळी बाजरी पिवळी. मी कोरला बांध. हो, कोरला. वीस एकरवाल्यांनी बांधाचं प्रेम सांगू नये.

माळावरची_काकू:
आमचं अडीच एकर आहे भाऊ. आणि तो कडुनिंब तोडायचा अर्ज कर, बांध कशाला खातोस? तुझ्या दहा ओळी वाचल्या, माझं अख्खं वावर धुपलं.

गाव_सोडलेला:
हे असले लोक आहेत म्हणून गावाचं वाटोळं.

वावर_दीड_एकर:
तू पुण्यात फ्लॅट घेतलास, शेत बटाईनं लावलंस, वर्षातून एकदा हुरड्याला येतोस. तू गावाचं बोलू नको.

मांजऱ्या_पाषाण:
भांडू नका. नगरकडच्या हिवरे बाजारला ८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा तिथं काय कमी भांडणं होती? कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही, दरवर्षी पावसावर पाण्याचा ताळेबंद आणि मग पिकं ठरवायची. लोक तिथं सहल काढून जातात, फोटो काढतात आणि घरी येऊन बोअर पाडतात.

विहीरवाला:
आमच्या गावात उसाला बंदी घालून दाखवा, मी स्वतः डोंगरावर चर खणायला येतो. सरपंचाचाच अकरा एकर आहे.

कोरडवाहू:
म्हणजे चर खणायला हवेत हे मान्य?

विहीरवाला:
मी असं कुठं म्हटलं? म्हटलं ऊस बंद झाला तर. तरी वर चर असते तर माझ्या बंधाऱ्यात गाळ कमी आला असता, एवढं खरं. दोन वर्षांत निम्मा भरला. आता घ्या, फोडा फटाके.

कोरडवाहू:
तो गाळ फेकू नका, माझ्या माळाला लागतो. वाहतूक तुमची.

विहीरवाला:
वा रे वा.

गाव_सोडलेला:
काकू, मोजणीचा अर्ज टाकला होता ना तुम्ही, तारीख आली का?

माळावरची_काकू:
आली. जुलैतली. पेरणी झाल्यावर, उभ्या पिकात.