धनुष्कोडी ते तलैमन्नार रेल्वे पूल: खरंच हवाय का?

सह्यकडा
परवा एकाने लिहिलं की रामेश्वरम बेटाच्या टोकाचं धनुष्कोडी ते श्रीलंकेतलं तलैमन्नार, मधला समुद्र उथळ, अंतर जेमतेम ३० किमी, दोन्हीकडे ब्रॉडगेज, म्हणजे श्रीलंकेला रेल्वेने जोडायला अडचण काय ती इच्छाशक्तीची. त्यावर लाइकचा पाऊस. राहवेना म्हणून लिहितोय. अहो, रामेश्वरम बेटाला जोडणारा नवा पांबन पूल फक्त दोन किमीचा, पायाभरणी २०१९ ला आणि उद्घाटन एप्रिल २०२५ ला, तेही रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी त्याच्यावर ताशेरे ओढल्यानंतर. जुन्या पुलावर वारा ताशी ५८ किमीच्या वर गेला की गाड्या थांबवायचे. आता हेच उघड्या समुद्रात, सरकत्या वाळूवर, पंधरापट लांब करा म्हणताय? १९६४ च्या डिसेंबरात पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर आख्खी लाटेखाली गेली, शंभरावर माणसं. तेव्हापासून रामेश्वरमच्या पुढे गाडी गेलेली नाही. आधी धनुष्कोडी तर गाठा, मग परदेश.

दर्यावर्दी
१९६४ चं वादळ दाखवून किती वर्षं घाबरवणार? ब्रिटन आणि फ्रान्समधला बोगदा ५० किमीचा आहे, त्यातला ३८ समुद्राखाली, १९९४ पासून चालू. डेन्मार्क-स्वीडन २००० साली जोडले गेले, अर्धा पूल, मध्ये भराव घालून बेट, पुढे बोगदा. आणि आपल्याकडे १९१४ ला पांबन पूल झाला तो कशासाठी? बोट मेलसाठीच ना! मद्रासहून धनुष्कोडी, तिथून स्टीमर, पलीकडे तलैमन्नारहून कोलंबोची गाडी. पन्नास वर्षं चाललं हे. इंग्रजांना जमलं आणि आपण नुसते फाटे फोडतोय.

कणकवलीकर
विषय निघालाच आहे तर बोलतो. वादळानंतर पांबन पूल ४६ दिवसांत परत उभा केला तो रेल्वेचे इंजिनिअर श्रीधरन साहेबांनी, आणि आमची कोकण रेल्वेही त्यांचीच. १९९८ पासून पूर्ण मार्ग चालू, आणि दुहेरी झाला किती? रोहा ते वीर, संपलं. सावंतवाडी टर्मिनसची पायाभरणी २०१५ ला झाली, अजून रखडलंय. गणपतीत आईला संडासाच्या दाराशी पिशवीवर बसवून गावाला नेलंय मी, रात्रभर कुणी ना कुणी तिला ओलांडून जात होतं. आजोबांची हापूसची कलमं गेली या रेल्वेत आणि केरळच्या गाड्या आमच्या स्टेशनातून भोंगा मारत निघून जातात. कोलंबो राहू द्या हो बाजूला.

मडगावचा
भोंगा मारत जातात कारण ती लांब पल्ल्याची गाडी आहे, एसटी नाही. आणि रेल्वे काय एकट्या कोकणाची? सुरुवातीच्या भांडवलात कर्नाटक १५ टक्के, केरळ ६, गोवा ६ असे होतेच की.

कणकवलीकर
आणि महाराष्ट्र २२! राज्यांत सगळ्यात जास्त. मग थांबे मागताना आम्हीच भिकारी का? जमीन देताना कुणी विचारलं नाही लांब पल्ला की आखूड.

मडगावचा
जमीन गोव्यातही गेली, खाजणं गेली आमची. तुम्हाला वाटतं दुःख फक्त सिंधुदुर्गात आहे. दुहेरीकरण पाहिजे हे मान्य, पण त्यासाठी दुसऱ्यांच्या गाड्यांवर राग काढू नका.

सह्यकडा
दोघांनी वेगळा धागा काढा ना प्लीज.

गॉल_फेस
मी कोलंबोत नोकरीला आहे, इथल्या माणसांबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितोय. तलैमन्नारची लाइन यादवी युद्धात १९९० ला बंद पडली, ती आपल्या इरकॉनने, म्हणजे भारत सरकारच्या रेल्वे बांधकाम कंपनीने, परत बांधली, २०१५ ला सुरू झाली. मी गेलोय त्या गाडीने. मन्नारच्या पुढे डब्यात माणूस शोधावा लागत होता. शेवटचं स्टेशन तलैमन्नार पिअर, जवळच जुन्या धक्क्याचे गंजलेले खांब पाण्यात उभे आहेत. तिथल्या एका कोळ्याला पुलाचं विचारलं तर तो ट्रॉलरवरच घसरला, तमिळनाडूचे ट्रॉलर येऊन तळ खरवडून नेतात, आमची जाळी फाडतात, पूल झाला की काय काय येईल म्हणाला. ऑफिसातल्या सिंहली मित्रांना वेगळीच भीती, मोठा शेजारी थेट घरात येईल ही. २०२२ च्या आर्थिक संकटात भारताने केलेली मदत ते विसरलेले नाहीत, पण त्या बदल्यात पूल घ्या म्हटलं तर नाही घेणार. तमिळनाडूतलं नागपट्टिनम ते उत्तर श्रीलंकेतलं कांकेसंतुरै अशी फेरीबोट २०२३ ला सुरू झाली, तीही पावसाळी समुद्रात धड चालत नाही. आधी रामेश्वरम-तलैमन्नार बोट लावा, बघा किती लोक चढतात.

दर्यावर्दी
हे कोळ्याचं मी धरलं नव्हतं, ठीक आहे. पण लोक चढत नाहीत कारण जायला धड साधन नाही, हे उलटं का बघता? बोट आधी, चालेल. मात्र धनुष्कोडीपर्यंत रूळ टाका, नाहीतर बोटीला माणसं कुठून येणार?

सह्यकडा
रुळांनाही वाळू नडणारच, आणि शेजारी मन्नारच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, प्रवाळं आहेत. तिथे भराव टाकायची भाषा केलीत तर मी परत येईन भांडायला. बोटीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा.