जुव्यावरच्या घराला सोलर हीटर: कुठला आणि किती लिटरचा?

प्रश्न: मालवणजवळ खाडीतल्या जुव्यावर (छोट्या बेटावर) घर, माणसं पाच. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, विजेचा भरवसा नाही. सामान होडीनेच न्यायचं. सोलर जमेल का?

उत्तर १: जमेल, आणि वीज लागणार नाही, गरम पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं. १०० लिटरचा पुरे. ६० अंशांच्या पाण्यात विसण घातलं की ते दुपटीहून जास्त होतं. काचनळ्यांचाच घ्या. दुसऱ्या, सपाट पॅनेलच्या प्रकारात तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसून त्या चोंदतात. ५८ मिलिमीटरची काचनळी काढून धुता येते. मात्र एक नळी फुटली तरी टाकीतलं पाणी वाहून जातं, म्हणून दोन जादा नळ्या आणि रबरी रिंगा पहिल्याच फेरीत आणा. खरा धोका टाकीला. साध्या ३०४ स्टीलला मचूळ पाण्यातल्या क्लोराइडमुळे जोडाजवळ बारीक भोकं पडतात. ३१६एल (क्षारांना जास्त टिकणारं स्टील) किंवा इनॅमलची टाकी आणि मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) मागा. अ‍ॅनोड दरवर्षी बघा.

उत्तर २: गार पाण्याच्या टाकीचा तळ गरम टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. गरम टाकीची हवानळी गार टाकीच्या माथ्याहूनही उंच. तोंड दक्षिणेला, उतार २५ ते ३० अंश. माडाखाली अजिबात नको, एक नारळ पडला की काच गेली! पाणी सकाळी लवकर भरा. भर उन्हात तापलेल्या कोरड्या नळ्यांत गार पाणी सोडलं तर तडकतात.

उत्तर ३: पावसाळ्यासाठी बंब राहू द्या. स्टँड गरम जस्तात बुडवलेला घ्या, नंतर भोकं पाडू नका. गंज तिथूनच धरतो.