मदत हवी आहे: बास्केटबॉल आणि फुटबॉल यांच्या लोकप्रियतेत टीव्हीचा वाटा किती, हे पुराव्यानिशी कसे मांडावे?

नेरुळ_पूर्व
व्यावसायिक बास्केटबॉल आणि फुटबॉल यांच्या लोकप्रियतेत जो फरक दिसतो तो खेळांच्या गुणांमुळे पडलेला नसून, टीव्हीने ते खेळ केव्हा आणि कशा रीतीने दाखवले यामुळे पडलेला आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र ते पटवून देण्याइतकी नेमकी माहिती माझ्याजवळ नाही आणि येत्या रविवारी मला हा मुद्दा लोकांसमोर मांडायचा आहे. समोरचे गृहस्थ अमेरिकेतले आकडे सांगतात आणि "लोकांना जे आवडते तेच टीव्ही दाखवतो" हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवतात. कृपया वर्षांसह आणि आकड्यांसह उत्तर द्यावे. दोन्ही खेळ आपापल्या जागी चांगले आहेत, अशा प्रतिसादांचा मला उपयोग नाही.

खाडीपलीकडे
कोणता फुटबॉल? अमेरिकेतले आकडे म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या फुटबॉलचे का? प्रेक्षक तिथले की आपल्याकडचे? हा निबंध आहे, वादविवाद स्पर्धा आहे की आणखी काही, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_प्रेक्षक
अमेरिकन फुटबॉल गृहीत धरून लिहितो. १९५८ चा अंतिम सामना, ज्यात बाल्टिमोर कोल्ट्सने न्यूयॉर्क जायंट्सला जादा वेळेत २३-१७ असे हरवले, देशभर टीव्हीवर दिसला आणि तिथून या खेळाचे दिवस पालटले. १९६१ मध्ये अमेरिकेने कायदा करून संघांना प्रक्षेपणाचे हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा दिली. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे तत्कालीन आयुक्त पीट रोझेल यांनी ते पैसे सर्व संघांत समान वाटले, म्हणून ग्रीन बेसारख्या लहान शहराचा संघही टिकून राहिला. १९७० पासून सोमवारची रात्र या खेळासाठी ठरून गेली.

आता बास्केटबॉल पाहा. १६ मे १९८० रोजी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना झाला. जायबंदी करीम अब्दुल-जब्बारच्या जागी मॅजिक जॉन्सन सेंटरला, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागी, उभा राहिला, पहिल्याच मोसमात त्याने त्या सामन्यात ४२ गुण केले आणि त्याच्या लेकर्स संघाने विजेतेपद जिंकले. सीबीएस वाहिनीने मात्र त्या वेळी बहुतेक शहरांत मालिकांचे जुने भाग लावले आणि सामन्याचे चित्रमुद्रण रात्री साडेअकरा वाजता दाखवले. त्या दशकातला सर्वांत मोठा सामना ज्या देशाला जागेपणी पाहायला मिळाला नाही, त्या देशात तो खेळ मागे पडला तर दोष खेळाचा म्हणायचा का?

मैदानी
हे अर्धेच चित्र आहे. सीबीएसने सामना रात्री ढकलला तो आकसाने नव्हे. एनबीएला पुरेसे प्रेक्षक मिळत नाहीत, असा त्या वाहिनीचा त्या काळातला अनुभव होता. पुढे लॅरी बर्ड आणि मॅजिक यांची चुरस रंगली, १९८४ मध्ये डेव्हिड स्टर्न आयुक्त झाले, त्याच वर्षी मायकेल जॉर्डन आला, आणि १९९८ च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना एकट्या अमेरिकेत सुमारे ३.६ कोटी लोकांनी पाहिला. आधी खेळाडू घडले, मागून कॅमेरे आले.

जुना_प्रेक्षक
खेळाडू तर १९८० मध्येही होते, मुद्दा तोच आहे. शिवाय संख्येचा विचार करा. एनएफएलचा संघ नियमित मोसमात १७ सामने खेळतो आणि एनबीएचा ८२. एकीकडे वर्षाला २७२ सामने होतात, दुसरीकडे १,२३०. सामने मोजके आणि बहुतांशी रविवारचे असल्यामुळे प्रत्येक सामन्याला सणाचे रूप येते. २००२ नंतर एनबीएचे बरेचसे सामने केबलवर गेले, तेव्हा घरोघरी सहज दिसण्याची सोय आणखी कमी झाली.

नेरुळ_पूर्व
आभार, पण फुटबॉल म्हणजे आपल्याकडची मुले पायाने खेळतात तोच, दुसरा कोणता असणार? आमच्या सोसायटीतले बास्केटबॉलचे कोर्ट उखडून तिथे फुटबॉलसाठी टर्फ घालण्याचा प्रस्ताव रविवारच्या सभेत येणार आहे. कमिटीतले एक सदस्य बरीच वर्षे न्यू जर्सीला होते. त्यांचे म्हणणे असे, की अमेरिकेतही फुटबॉलपुढे बास्केटबॉल टिकत नाही, सुपर बोल १२ कोटींहून अधिक लोक पाहतात, मग इथे त्या खेळासाठी जागा कशाला अडवायची?

खाडीपलीकडे
मग सुपर बोलचा आकडा तुमच्या कोर्टाला लागूच होत नाही, कारण तो हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा आहे. सभेत पहिल्यांदा हेच सांगा. आपल्याकडचा फरक घड्याळाचा आहे. न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा बास्केटबॉलचा सामना आपल्याकडे पहाटे पाच किंवा सहाला लागतो आणि लॉस एंजेलिसचा सकाळी आठ किंवा नऊला, म्हणजे नेमका शाळेच्या वेळेत. इंग्लंडमधला शनिवारी दुपारी तीनचा फुटबॉल सामना आपल्याकडे रात्री साडेसात किंवा साडेआठला दिसतो, जेव्हा सारे घर एकत्र बसलेले असते. विशेष म्हणजे प्रेक्षकांनी मैदानात जावे यासाठी शनिवारी दुपारी तीनचे सामने इंग्लंडमध्येच थेट दाखवत नाहीत. आपल्याला मात्र ते घरबसल्या मिळतात. त्याआधी १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनने दाखवला, आणि तेव्हा मॅराडोनाला पाहून या खेळाकडे वळलेली पिढी आज कमिट्यांवर बसलेली आहे.

कबड्डीप्रेमी_ठाणे
टीव्ही काय करू शकतो याचे खरे उदाहरण आपल्या घरात आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, संध्याकाळची वेळ ठरली, कॅमेरे चढाईपटूच्या पायांपर्यंत पोहोचले, 'डू ऑर डाय' चढाईसारखा (दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे असा) नियम आला आणि इंग्रजी शाळांतली मुलेही पकडीविषयी बोलू लागली. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, तर बास्केटबॉलचे कोर्ट २८ बाय १५ मीटरचे. टर्फ घालण्यापेक्षा मॅट आणून दोन्ही खेळ ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मैदानी
कबड्डी महाराष्ट्रात गल्लोगल्ली होतीच. टीव्हीने असलेल्या गोष्टीला मोठे केले. बास्केटबॉलच्या बाबतीत उलट घडले. २०१२ पासून सोनी सिक्सवर एनबीए दिसू लागले, २०१५ मध्ये एनबीएतल्या डॅलस संघाने भारतीय खेळाडू सतनाम सिंगची निवड केली, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना या एनबीए संघांचे दोन सामने झाले, तरीही आपल्या शहराचा म्हणावा असा संघ वर्षानुवर्षे टीव्हीवर दिसला नाही. याउलट इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगमधली मुंबई सिटी सुरुवातीचे दोन मोसम तुमच्याच नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळली आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकातला स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामनाही तिथेच झाला. पडद्यावरचा खेळ पायी जाण्याच्या अंतरावर पाहता आला, तर मुले त्याकडे ओढली जाणारच. टीव्ही एकटा पुरत नाही, हे माझे म्हणणे कायम आहे.

जुना_प्रेक्षक
इथे मी सहमत आहे, पण ते सामने आणि ती लीग नेरुळपर्यंत आली तीही प्रक्षेपणाच्या पैशाच्या आधारानेच, हे विसरू नये.

उपविधी_वाचक
वार्षिक सर्वसाधारण सभा असेल तर चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते. नोटिशीत हा विषय स्पष्ट लिहिला आहे का? मंजूर नकाशात ती जागा काय म्हणून दाखवली आहे, हेही पाहावे.

नेरुळ_पूर्व
नोटीस वेळेवर मिळाली आहे आणि माझा प्रश्न तो नाही. सभेतला प्रत्येक जण विचारणार, की टीव्हीवर दिसत नाही म्हणून मुले खेळत नाहीत हे खरे असेल, तर कोर्ट ठेवून ती खेळतील कशावरून? याचे उत्तर मला हवे आहे.

मैदानी
त्यासाठी आधी हे सांगा, की सध्या त्या कोर्टावर कोण खेळते आणि कोणत्या वेळी?

नेरुळ_पूर्व
वीजबिलाच्या कारणाने संध्याकाळी सातला दिवे बंद होतात. शाळा आणि शिकवणी आटोपून मुली त्याच सुमारास खाली येतात, उरल्या उजेडात थोडा वेळ खेळतात आणि परततात. कमिटीने खेळणाऱ्यांची मोजणी केली ती सातनंतरच.

खाडीपलीकडे
मग हेच तुमचे सर्वांत भक्कम म्हणणे आहे आणि त्याला अमेरिकेचा दाखलाही आहे, कारण सीबीएसने १९८० मध्ये खेळ आधी अवेळी ढकलला आणि प्रेक्षक नाहीत असा निष्कर्ष मात्र खेळावर लादला. टर्फचा निर्णय एक मोसम पुढे ढकलून तोवर नऊपर्यंत दिवे चालू ठेवावेत, अशी लेखी मागणी करा. दुसरे असे, की अमेरिकेतल्या शनिवार रात्रीचे एनबीए सामने आपल्याकडे रविवारी सकाळी लागतात, तेव्हा शाळा नसते. ऑक्टोबर ते जून हा मोसम चालतो. त्या काळात क्लब हाऊसमध्ये थेट सामना लावता येईल. सभा किती वाजता आहे?

नेरुळ_पूर्व
साडेदहाला. क्लब हाऊसची किल्ली सेक्रेटरींकडे असते, आज रात्रीच मागतो. सामना कोणत्या वाहिनीवर किंवा ॲपवर लागेल, हे कृपया कोणीतरी नक्की कळवावे.