मधलं एकच पान आडवं करायचंय, पण सगळी फाइल आडवी होते

प्रश्न
वर्डमध्ये ४० पानांचा अहवाल आहे. १८व्या पानावरचा ११ रकान्यांचा तक्ता उभ्या पानात मावत नाही. तक्त्याच्या आधी आणि नंतर कंट्रोल-एंटर मारून ओरिएंटेशन लँडस्केप केलं, तर सगळीच पानं आडवी झाली. तेवढंच पान कसं फिरवायचं? पान क्रमांक सलग हवेत.

उत्तर
कंट्रोल-एंटरने पडतो तो पेज ब्रेक. तो मजकूर पुढच्या पानावर ढकलतो, बाकी काही करत नाही. पानाची दिशा, समास, हेडर-फूटर हे सगळं सेक्शनचं (फाइलच्या स्वतंत्र मांडणीच्या भागाचं) असतं आणि तुमच्या फाइलमध्ये सेक्शन एकच आहे.

आधी दोन्ही पेज ब्रेक काढा. तक्त्याच्या शीर्षकाच्या सुरुवातीला कर्सर ठेवून लेआउट > ब्रेक्स > नेक्स्ट पेज घ्या (सेक्शन ब्रेक्सच्या गटातला). तसाच दुसरा तक्त्यानंतरच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला. मग तक्त्यात क्लिक करून लँडस्केप करा. तक्ता आपोआप रुंदावला नाही तर ऑटोफिट विंडो (तक्ता पानाच्या रुंदीइतका करणारा पर्याय) द्या.

तक्ता सिलेक्ट करून पेज सेटअपमध्ये 'सिलेक्टेड टेक्स्ट' निवडलं की वर्ड स्वतःच ब्रेक टाकतं. पण शीर्षक सिलेक्ट करायचं राहिलं तर ते मागच्या उभ्या पानावरच राहतं. ब्रेक हाताने टाकलेले बरे.

आणखी एक उत्तर
फूटरकडेही बघा. ए४ आडवा केला की रुंदी २१ सेंमीची २९.७ होते, पण क्रमांक साध्या उजव्या टॅबवर असेल तर तो जुन्याच जागी, म्हणजे पानाच्या मध्याकडे दिसतो. त्या टॅबऐवजी 'इन्सर्ट अलाइनमेंट टॅब'मधला उजवा टॅब वापरा. तो समासाच्या हिशेबाने सरकतो, त्यामुळे फूटर वेगळे करावे लागत नाहीत.

वेगळे करायचेच असतील तर 'लिंक टू प्रीव्हियस' (आधीच्या सेक्शनचाच फूटर वापरणारा पर्याय) आधी तिसऱ्या सेक्शनमध्ये बंद करा, मग दुसऱ्यात. फक्त दुसऱ्यातच बंद केलं तर तिथला बदल तिसऱ्यातही उतरतो. क्रमांकासाठी प्रत्येक सेक्शनमध्ये 'कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन' ठेवा.

प्रश्नकर्ता
जमलं! पण तक्त्यानंतर एक कोरं आडवं पान आलंय. ते घालवायला ब्रेक डिलीट केला, तर आडवं पान उभं झालं.

उत्तर
लगेच कंट्रोल-झेड करा. सेक्शनची मांडणी त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. तो पुसला की आधीचा मजकूर पुढच्या सेक्शनची मांडणी घेतो, म्हणून पान उभं झालं.

कोऱ्या पानाचं कारण वेगळं. तक्त्याखाली वर्ड एक रिकामा परिच्छेद ठेवतंच, तो पुसता येत नाही. तक्ता पानभर असला की हा परिच्छेद पुढच्या पानावर जातो. कंट्रोल-शिफ्ट-८ ने खुणा दाखवा, त्या परिच्छेदाची खूण सिलेक्ट करून फॉन्ट १ पॉइंट, आधी-नंतरचं अंतर ० आणि ओळींमधलं अंतर सिंगल करा. तरीही पान उरलं तर आडव्या सेक्शनचा खालचा समास थोडा कमी करा.

आणखी एक उत्तर
लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी: तिथे हे काम पेज स्टाइलने (पानाच्या मांडणीच्या साठवलेल्या नमुन्याने) होतं. इन्सर्ट > मोर ब्रेक्स > मॅन्युअल ब्रेकमध्ये पेज ब्रेकसोबत 'लँडस्केप' स्टाइल निवडा आणि तक्त्यानंतरच्या ब्रेकला पुन्हा 'डिफॉल्ट पेज स्टाइल' द्या. 'चेंज पेज नंबर'वर खूण करू नका, म्हणजे क्रमांक सलग राहतील. लँडस्केप स्टाइलचा फूटर मात्र वेगळा चालू करून त्यात क्रमांक टाकावा लागतो.