तिसाव्या क्रमांकावर हात मोजायचे की नेम बघायचा?

एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, आपल्या संघाने तिसाव्या क्रमांकावर एकोणीस वर्षांचा लांब हातांचा पोरगा घ्यावा, बावीस वर्षांचा शूटर 'जेवढा व्हायचा तेवढा झालाय', असं तुमचं म्हणणं; हे काही पटलं नाही बुवा. २०२० चा ड्राफ्ट आठवा. डेझमंड बेन टीसीयू या कॉलेजात चार वर्षं खेळून आलेला, तीन गुणांचा (लांबून मारायच्या फटक्याचा) नेम खणखणीत. पण हात उंचीच्या मानाने आखूड, म्हणून थेट ३० व्या क्रमांकापर्यंत घसरला. बरं, तिथेही बोस्टनने तो हक्क मेम्फिसला देऊन टाकला! पहिल्याच मोसमात पठ्ठ्याने तीन गुणांचे ४३ टक्के फटके घातले.

२०१७ ला डेरिक व्हाइट २९ वा निवडला गेला, जॉश हार्ट ३० वा. दोघंही बावीस वर्षांचे. व्हाइटची सुरुवात तर डिव्हिजन टूच्या, म्हणजे दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेतल्या कॉलेजातली, त्याला कोण विचारत होतं तेव्हा?

लांब हातांचा रूडी गोबेर २७ वा होता, मान्य. पण तसे हात दर वर्षी येत नाहीत. पास्कल सियाकमचं (२०१६, २७ वा) उदाहरण मात्र तुमच्या बाजूने धरू नका, तो कच्चा होता खरा, पण वय बावीसच. टोनी पार्करला (२००१, २८ वा) कोवळा म्हणाल, तर तो फ्रान्समध्ये व्यावसायिक खेळून आला होता.

शिवाय पहिल्या फेरीत (पहिल्या तिसांत) निवडलेल्या खेळाडूच्या करारात दोनच वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. पोरगं तिसऱ्या वर्षी पिकणार असेल, तर तोवर बाकावर बसवायला जागा आहे का आपल्याकडे?